शाळेतला फिटनेस गट : शिट्टी मुलांच्या हातात द्या

शाळेत व्यायामाचा, आरोग्याचा उपक्रम काढायचा म्हटलं की सगळ्यांची नजर आधी कबड्डी-खोखोच्या संघाकडे जाते. तिथून सुरुवात करू नका. ती मुलं तशीही मैदानावर असतात. पीटीच्या तासाला भिंतीला टेकून उभी राहणारी, "बाई, आज पोटात दुखतंय" म्हणणारी जी मुलं आहेत, त्यांच्यातूनच पहिले पाच-सहा जण निवडा. मी परळच्या एका मराठी शाळेत पीटी शिकवते. असा गट मुलांनी चालवला तर टिकतो, आणि न खेळणाऱ्या मुलांनी चालवला तर बाकीची न खेळणारीही येतात, हे मी पाहिलं आहे.

पहिल्या आठवड्यात व्यायाम नकोच. वर्गावर्गात बिननावाच्या चिठ्ठ्या फिरवा. प्रश्न एकच : पीटीच्या तासाला तुला काय नको वाटतं? चिठ्ठ्या गटातल्या मुलांनीच वाचायच्या. आमच्याकडे आळसाचं कारण जवळजवळ कुणी लिहिलं नव्हतं. पाळीत डाग पडेल याची भीती, स्कर्टमध्ये धावायची लाज, "सगळे हसतात", सकाळच्या सत्राला उपाशीपोटी येणं, अशी कारणं होती. आणि मुलींच्या बऱ्याच चिठ्ठ्यांत एक गोष्ट होती : स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. कडी नाही म्हणून मुली शाळेत पाणीच पीत नाहीत, आणि पाणी न पिता ऑक्टोबरच्या उकाड्यात धावलं की चक्कर येते. म्हणून गटाचं पहिलं काम ठरलं कडी बसवून घेणं. मुलींनी अर्ज लिहिला, शिपाईकाकांना सोबत घेऊन कुठली दारं ते दाखवलं, आणि काम झालं. त्यानंतर स्कर्टखाली शॉर्ट्स किंवा ट्रॅकपँट घालायची परवानगी मागितली. तुमच्या शाळेत वेगळं काही निघेल. जे निघेल ते आधी सोडवा.

मग मुख्याध्यापकांना पत्र. एका पानाचं, मुलांच्या अक्षरातलं. वार, वेळ, जागा, जबाबदार शिक्षक आणि प्रथमोपचाराची पेटी कुठे असेल, एवढं त्यात हवं. पालकांकडून संमतीपत्र घ्या. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन याची माहिती त्यातच मागा. ती माहिती फक्त शिक्षकांकडे राहील, मुलांच्या वहीत येणार नाही. दम्याचा पंप असलेल्या मुलाने तो दप्तरात न ठेवता हाताशी ठेवायचा.

जागेचं रडगाणं मुंबईत सगळ्यांचंच आहे. दोन सत्रांची शाळा, मध्ये एक चौक, तोही अर्धा गाड्यांनी भरलेला. वीस मिनिटं आणि एवढी जागा पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू-हाडांना जोर मिळेल असं काही करावं. साठच्या साठ मिनिटं शाळेत होणार नाहीत, तसं कबूलही करू नका. पण हाडांचं काम लंगडी आणि दोरीच्या उड्यांनी छान होतं, कारण दोन्हींत पाय जमिनीवर आपटतो. जोडीला बैठका, सूर्यनमस्कार, कपाटात पडून असलेली लेझीम. पावसाळ्यात वर्गात बाकं सरकवून करा. ओल्या लादीवर उड्या नकोतच.

एक नियम मात्र पक्का ठेवा. बाद झालेलं मूल बसून राहता कामा नये. बहुतेक खेळांत आधी बाद होतं तेच मूल, ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज असते. लंगडीत बाद झालेल्यांनी बाजूच्या दोरीवर जायचं, वीस उड्या मारून परत आत यायचं.

म्होरके जोडीने नेमा आणि दर पंधरा दिवसांनी बदला. शिट्टी त्यांच्याच गळ्यात. आठवीतली एक मुलगी वर्गात हजेरीलाही जेमतेम ऐकू येईल असं बोलायची. तिची पाळी आली तेव्हा आकडे मोजताना पहिल्या रांगेपलीकडे आवाज जाईना. मागची मुलं थांबली. मी बोलणार होते, बोलले नाही. तिच्या जोडीदाराने सांगितलं, "तू मोज, आम्ही तुझ्यामागून ओरडतो." ती "एक" म्हणाली की सगळा चौक "एक" म्हणे. सूर्यनमस्कार संपेपर्यंत तिचा स्वतःचा आवाज वरच्या मजल्यावर जात होता. शिक्षकांनो, अशा वेळी पुढे होऊ नका. पडणं, लागणं, चिडवणं, एवढ्यासाठीच मध्ये या.

वजनकाटा चौकात आणू नका. मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, वय आणि मुलगा-मुलगी पाहून वाचावा लागतो, मोठ्यांचा आकडा त्यांना लागू होत नाही. ते काम डॉक्टरांचं. मुलांना नाडी मोजायला शिकवा : मनगटावर दोन बोटं, १५ सेकंद, गुणिले ४. उड्यांनंतर लगेच एकदा, दोन मिनिटांनी पुन्हा. हे आकडे ज्याच्या त्याच्या वहीत, फळ्यावर कुणाचेच नाहीत. दोन मिनिटांत नाडी पूर्वीपेक्षा जास्त उतरायला लागली की तब्येत सुधारतेय हे मुलांना स्वतःलाच कळतं.

खाण्याच्या बाबतीत कुणाच्याही डब्यावर बोट ठेवायचं नाही. पहाटेची लोकल पकडणारी आई हातावर वडापावचे पैसे ठेवते, तिला उपदेश करण्याचा हक्क आपल्याला नाही. त्याऐवजी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आणि साखरेचा डबा आणा. लेबलवर १०० मिलीमागे १० ग्रॅमच्या आसपास साखर दिसेल. २५० मिलीचा हिशेब मुलांनीच करायचा आणि तेवढे चमचे साखर बशीत ओतायची. पाच-सहा चमचे होतात. बशी वर्गभर फिरवा, भाषण लागत नाही. मग शेंगदाणे-गूळ, चणे, केळं यांचे बाजारातले भाव मुलांकडूनच काढून घ्या. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो सांभाळणं शाळेचं काम. गाडीवाल्याशी हुज्जत घालायला मुलांना पाठवू नका.

जमलं तर एकदा शिवाजी पार्कला न्या. तिथल्या १९२५ पासूनच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावर मुली काय करतात ते आपल्या मुलींनी बघायला हवं.

नववीची मुलं दहावीत गेली की क्लास आणि सराव परीक्षांत अडकतात. म्हणून जानेवारीतच आठवीतले नवे म्होरके त्यांच्या जोडीला लावा आणि मार्चपर्यंत दोघांना मिळून काम करू द्या. कोणता खेळ चालला, कोणता फसला, कोणत्या वारी चौक मोकळा मिळतो, हे सगळं एका वहीत लिहून ठेवायला सांगा. दोऱ्या आणि प्रथमोपचाराची पेटी मोजून घेतल्याची सहीही त्याच वहीत. हे जूनवर ढकललं तर नव्या मुलांना हात धरून दाखवायला जुनी मुलं मोकळी नसतात.