टायमिंगच्या आधी पॉइंटचे अंतर
मे महिन्यात नागपूरच्या उन्हात माझी पॉइंटवाली (म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क असलेली) जुनी ३५० सीसी बुलेट रामझुला पुलाचा चढ चढताना दम टाकू लागली आणि इंजिन वाजवीपेक्षा फार तापू लागले. कार्बोरेटर दोनदा साफ करूनही फरक पडला नाही. पॉइंटचे झाकण उघडले, तेव्हा पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर घासणारी त्यांची फायबरची टाच झिजलेली दिसली. टाच झिजली की उघडलेल्या पॉइंटमधले अंतर कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. म्हणून आधी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने) अंतर ०.३८ मिमी केले (अंतर बदलले की टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळही सरकते, त्यामुळे हा क्रम उलटा करू नये), मग कॉम्प्रेशन स्ट्रोकवर (पिस्टन वर जात मिश्रण दाबतो तेव्हा) पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे थांबवून पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरला आणि पॉइंटची प्लेट फिरवताना तो अलगद सुटला त्याच जागी ती कसली. कोरड्या कॅमला ग्रीसचा पुसटसा हातही दिला.