मुलांना सायकलचे पंक्चर काढायला कसे शिकवावे

मुलांना हाताने करायचे एखादे काम शिकवायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले, की मी सायकलचे पंक्चर सुचवतो. स्वयंपाक, शिवण, सुतारकाम हेही शिकवावेच. पण पंक्चरचे काम तास-दीड तासात पुरे होते, चूक झाली तर टायर बसतो आणि ती लगेच कळते, आणि दुरुस्त केलेली सायकल मूल दुसऱ्याच दिवशी चालवू शकते. साधारण नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत या कामापुरता जोर आलेला असतो. त्याहून लहान मुलाला पाण्यात बुडबुडे शोधण्याचे काम द्यावे, त्यात ते पूर्ण रमते.

महात्मा गांधींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातही मुले प्रत्यक्ष काम करत शिकतात. घरी आपल्याला एवढा पसारा मांडायचा नाही, मात्र काम खरे असावे, एवढे तत्त्व जरूर घ्यावे. म्हणून शिकवण्यासाठी मुद्दाम ट्यूबला भोक पाडू नये. पंक्चर होईल त्या दिवसाची वाट पाहावी आणि तोवर सामान आणून ठेवावे.

सामान फार नाही: टायर उचलायचे दोन पाने, पंप, काचपेपरचा तुकडा, पॅच चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब, तयार पॅच, एक घमेले पाणी, जुने सुती फडके आणि बॉलपेन. पान्याऐवजी स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, कारण त्याच्या टोकाने ट्यूबला दुसरे भोक पडते. सोल्युशनमधील द्रावक चटकन पेट घेतो व त्याचा वासही उग्र असतो. तेव्हा हे काम अंगणात किंवा मोकळ्या गॅलरीत करावे, जवळपास शेगडी, उदबत्ती असू नये आणि सोल्युशनची ट्यूब नाकाजवळ नेऊ नये, हे मुलाला आरंभीच सांगावे.

सायकल पोत्यावर उलटी, सीट आणि हँडलवर उभी करावी. चाक काढण्याची गरज नसते. प्रथम व्हॉल्व्हच्या तोंडावर थोडे पाणी लावून तिथून हवा जाते का ते मुलाला पाहू द्यावे, कारण जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी कुजली तरी हवा जाते आणि तेव्हा नुसती नळी बदलून भागते. व्हॉल्व्ह ठीक असेल तर चाक हळूहळू फिरवत टायरवर खिळा, काच, बाभळीचा काटा दिसतो का ते पाहावे आणि सापडल्यास त्या जागेवर पेनाने खूण करावी.

आता उरलेली हवा सोडून व्हॉल्व्हची चकती काढावी आणि टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलावी. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मग टायर निघत नाही म्हणून मूल रडकुंडीला येते. मधला भाग खोल असल्यामुळे कड तिथे गेली की टायर सैल पडतो. हे कारण सांगण्यापेक्षा मुलाला आधी न ढकलता आणि मग ढकलून असे दोन्ही करून पाहू द्यावे. त्यानंतर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने एक पाना घालून कड उचलावी, पाना तारेत अडकवावा, वीतभर अंतरावर दुसरा घालावा आणि कड पूर्ण बाहेर घ्यावी.

याच टप्प्यावर मोठ्यांची खरी परीक्षा असते. माझ्या भाचीला पहिल्यांदा शिकवताना तिच्याकडून पाना दोनदा निसटला आणि मी तो तिच्या हातातून घेऊन झटक्यात कड काढली. ती काही बोलली नाही, फक्त हात फ्रॉकला पुसून मागे सरकली, आणि पुढचे सगळे काम माझे झाले. ती चूक मला आजही बोचते. तेव्हापासून शिकवताना मी हात पाठीमागे बांधून बसतो आणि फार तर "पाना जरा उजवीकडे घे" एवढेच म्हणतो. मोठ्यांना दोन मिनिटांचे काम मुलाला वीस मिनिटे लागते. तेवढी फुरसत असेल त्याच दिवशी शिकवायला बसावे.

ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरावी आणि घमेल्यातील पाण्यात तिचा एकेक भाग बुडवत न्यावा. ट्यूबला चिकटून आलेले चार-दोन बुडबुडे बोट फिरवताच जातात. भोकातून निघणारे मात्र थांबत नाहीत, एकाच ठिकाणाहून मण्यांच्या माळेसारखे वर येत राहतात. दुसऱ्या खेपेला भाची पाण्यावर वाकून कितीतरी वेळ गप्प बसली होती आणि एकदम म्हणाली, "मामा, हे बघ, इथून येतायत, थांबतच नाहीयेत!" तिचा तो आवाज ऐकला आणि शिकवण्यातला आनंद म्हणजे काय हे मला वेगळे सांगावे लागले नाही. भोक सापडले तरी ट्यूब पूर्ण फिरवून पाहावी. शेजारी शेजारी दोन भोके दिसली, तर टायरमध्ये हवा कमी असताना सायकल दगडावर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटली गेली, असे समजावे.

ट्यूब कोरडी करून भोकाभोवती पेनाने मोठी फुली काढावी. लहान खूण घासताना पुसली जाते. मग पॅचहून थोडी मोठी जागा काचपेपरने तिची चकाकी जाईपर्यंत घासावी आणि सोल्युशनचा पातळ थर पसरावा. आता थांबायचे. ओल्या सोल्युशनवर पॅच धरत नाही. चमक जाऊन थर कोरडा दिसेपर्यंत चार-पाच मिनिटे जाऊ द्यावीत, हात लावू नये. मुलाला ही मिनिटे फार लांब वाटतात. अशा वेळी मी डनलॉपची गोष्ट सांगतो: बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून हवेचे टायर बनवले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. एका बापाने मुलाच्या सायकलसाठी केलेली खटपट आहे हे ऐकले, की मुले आपल्या चाकाकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

पॅचच्या पाठीचा कागद काढून तो फुलीच्या मधोमध ठेवावा आणि अंगठ्याने मध्यापासून कडांकडे जोर लावून दाबावा. नंतर ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवून खात्री करावी.

टायर बसवण्यापूर्वी त्याची आतली बाजू तपासावी. काटा आतच राहिला तर गल्लीच्या टोकाला जाण्याआधी पुन्हा पंक्चर होते आणि मुलाला आपलेच काम फसल्यासारखे वाटते. आत उघडे बोट फिरवू नये. फडके फिरवावे, काटा असेल तिथे त्याचे धागे अडकतात. काटा मुलानेच बाहेरून ढकलून काढावा आणि त्याला तो तळहातावर ठेवून पाहू द्यावा.

शेवटी ट्यूबमध्ये ती गोल होण्यापुरती हवा भरून आधी व्हॉल्व्ह रिमच्या भोकात घालावा, मग ट्यूब टायरच्या आत सारावी आणि कड अंगठ्यांनी आत बसवत व्हॉल्व्हपाशी संपवावी. शेवटची वीतभर कड घट्ट लागते. तिथे पाना न वापरता समोरची कड पुन्हा खोलगट भागात ढकलावी. तेवढ्यापुरते मुलाने मागितले तर आपले दोन अंगठे त्याच्या अंगठ्यांशेजारी लावावेत. व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडावा, म्हणजे त्याखाली ट्यूब चिमटलेली राहत नाही. हवा किती भरावी ते टायरच्या बाजूवर लिहिलेले असते. तो आकडा मुलाला वाचायला लावावा.

चाक रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी अंगठ्याने दाबून पाहण्याचा मान मुलाला द्यावा. टायर बसलेला असेल तर न रागावता घमेले पुन्हा भरावे आणि बुडबुडे पॅचच्या कडेने येतात की दुसऱ्याच जागेहून, ते मुलालाच शोधू द्यावे.