दवबिंदू बघायला माळावर जाण्याआधी

दवबिंदू हे माळावर उगवणारं, कीटक खाणारं छोटं रोप. ते बघायला जायचं तर सुरुवात बुटांपासून करा. आदल्या रात्री तळवे ब्रशने घासून धुवा, खाचांतला चिखल काढा. त्या चिखलातून गाजरगवताचं बी जातं, आणि जिथे ते अजून पोचलेलं नाही तिथे आपल्या पायांनी पोचायला नको. बूट घोट्याच्या वर येणारे हवेत, कारण मुरमाड माळावर फुरसं असतं. हातात काठी असू द्या.

दिवस ठरवताना तारखेपेक्षा पाऊस बघा. दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा इंडिका, एकाच पावसाळ्यात उगवतं, फुलतं, बी टाकून संपतं. आपल्या मराठवाड्यात पाऊस लांबला की त्याचंही लांबतं. उत्तरा नक्षत्राचा पाऊस होऊन दोन दिवस उघडीप मिळाली की निघा. गौताळ्याकडे जाणार असाल तर ते अभयारण्य आहे, वन विभागाची परवानगी आधी काढा.

पिशवीत दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, पेन्सिल, पाणी, धपाटे आणि गोणपाटाचा तुकडा घ्या. गोणपाट गुडघे टेकायला. पण ते अंथरायचं फक्त उघड्या कातळावर. पाझराच्या ओल्या मुरमावर पाऊल नको. रोप वीतभर, फूल लहानसं गुलाबी, बी धुळीएवढं. नजर एका फुलावर खिळलेली असते आणि टाचेखाली चार रोपं जातात, हे मी स्वतः केलंय. ते अजून सलतं.

ओळखायची खूण सोपी आहे. गवतावरचं दव उन्हाने उडून गेलं, की मगच शोधा. बारीक, लांबट पानांवर लालसर केसांच्या टोकांना थेंब तसेच चमकत राहिले असतील, तर ते पाणी नाही, चिकट द्रव आहे. त्यात चिलटं अडकतात. या जमिनीत नत्र फार कमी, म्हणून रोप ते या चिलटांतून मिळवतं. म्हणूनच असा माळ ‘पडीक’ समजून तिथे खत, गाळ टाकला किंवा झाडांसाठी खड्डे घेतले, की दवबिंदू जातं. थेंबाला बोट लावू नका.

उपटून कुंडीत लावायचा विचार घरीच ठेवा. फुलाआधी उपटलेलं रोप म्हणजे पुढच्या वर्षीचं बी गेलं.

मोबाइलमधलं लोकेशन निघण्याआधीच बंद करा. फोटो खुशाल पाठवा, माळाचं नाव मात्र नको. वहीत तारीख, आधीचा पाऊस कधी झाला ते, आणि कातळावरूनच मोजलेली रोपं लिहा. पुढच्या वर्षी त्याच कातळावर उभं राहून पुन्हा मोजायचीत.