मळमळतंय म्हणजे बोटच लागली असं नाही: होडीवर छोटा जनरेटर वापरताना या चुका टाळा

नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या जेट्टीवरून रात्रीचं निघालं की माझं अर्धं लक्ष बॅटरीकडे असतं. दिवे, वायरलेस, पाणी उपसायचा पंप, सगळा भार तिच्यावर. ती बसली तर पंचाईत नको, म्हणून एक केव्हीएचा पेट्रोल जनरेटर सोबत ठेवतो. मशीन गुणी आहे, चुका माझ्याच झाल्या.

सगळ्यात मोठी चूक पावसाच्या एका रात्री झाली. जनरेटर भिजू नये म्हणून केबिनच्या मागे आडोशाला ठेवला आणि वरून ताडपत्री सोडली. तासाभराने पुतण्या म्हणाला, "काका, डोकं ठणकतंय, मळमळतंय." मी म्हटलं, बोट लागली असेल, लिंबू चोख. खलाशी हसला. "कोळ्याच्या पोराला खाडीत बोट लागते होय?" पाणी खरंच शांत होतं. थोड्या वेळाने माझंही कपाळ जड झालं, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. जनरेटर बंद केला, ताडपत्री फाडल्यासारखी ओढली आणि तिघंही नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जाऊन बसलो.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू असतो. त्याला ना रंग ना वास. धुराचा वास येत नाही म्हणजे हवा चांगली, हा हिशेब इथे चालत नाही. होडी पुढे जात असताना केबिनच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि मागचा धूर फिरून आत येतो. वारा पाठीमागून असला की आणखीच. त्यामुळे 'मागेच तर ठेवलाय' यात काही दम नाही. चालू जनरेटर उघड्यावर, धुराचं तोंड बाहेर आणि वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूला हवं. केबिनमध्ये, फळीखाली किंवा ताडपत्रीत कधीच नाही. पाऊस असेल तर तो बंद ठेवा, टॉर्चवर भागवा. आत झोपणार असाल तर बॅटरीवरचा सीओ अलार्म लावा. जनरेटर चालू असताना दोघांना एकदम डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली तर कारण शोधत बसू नका. आधी बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा आणि किनारा गाठा. कुणी बेशुद्ध पडलं तर किनाऱ्यावर १०८, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४. बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवायचंच. आम्ही त्या रात्री दाखवलं नाही, तीही चूकच.

दुसरी चूक सवयीची. आपला हात डिझेलला सरावलेला असतो, म्हणून पेट्रोलही तसंच हाताळलं जातं: कॅन इंजिनाशेजारी, टाकी भरायची ती चालू मशीनमध्ये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, होडीच्या तळात साचते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीची वाट बघते. जनरेटर बंद करा, गार होऊ द्या, जमलं तर जेट्टीवर उतरवून भरा. कॅन घट्ट बंद करून उघड्यावर, सावलीत ठेवा.

आता, नीट चालणारा जनरेटर मध्येच बंद का पडतो? ओहोटीला होडी चिखलात कलते. जनरेटरला ऑइल कमी झालं की इंजिन थांबवणारा सेन्सर असतो, आणि कललेल्या मशीनमध्ये त्याला ऑइल भरलेलं असूनही कमी दिसतं. मशीन सपाट जागी ठेवा, ऑइलची पातळीही सपाट जागीच बघा. काही जण सेन्सरची वायरच काढून टाकतात. मग ऑइल खरोखर संपतं तेव्हा इंजिन जाम होतं. एवढ्या लहान मशीनमध्ये ऑइल जेमतेम अर्धा लिटर असतं. थोडं गळलं तरी फरक पडतो.

जनरेटरवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरही भरवसा नको. तिथून बहुधा ८ अँपिअरच्या आसपास मिळतात आणि बॅटरी भरली तरी करंट आपोआप थांबत नाही. २३० व्होल्टवर चालणारा, बॅटरी भरली की स्वतः थांबणारा चार्जर वापरा. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या फळीवर टाकू नका, उंच टांगा. फ्रिजसारख्या कॉम्प्रेसरला सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट करंट लागतो. एक केव्हीएवर तो ओव्हरलोडचा दिवा पेटवू शकतो.

राहिली पावसाळ्याची गोष्ट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली आणि जनरेटर पेट्रोलसकट कोपऱ्यात. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते दमट हवेतला ओलावा ओढतं. जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजवतो. ठेवण्याआधी टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. खारं पाणी उडालं असेल तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून वाळवा, पाइप मारू नका.

नारळी पौर्णिमेच्या तोंडावर माझा सुरू व्हायचा आणि पाच मिनिटांत गप्प व्हायचा. प्लग बदलला, पेट्रोल बदललं, तरी तेच. शेवटी मेकॅनिककडे नेला. त्याने टाकीच्या झाकणावरची हवेची कळ 'बंद'वरून 'चालू'वर फिरवली, दोरी ओढली आणि दोनशे रुपये मागितले.