घरातलं टेन्शन कमी करायचंय? आधी भांडणाची वेळ शोधा

घरातलं टेन्शन कमी कसं करायचं असं विचारलं की लोक लगेच योगा करा, मेडिटेशन करा, पहाटे पाचला उठा असलं काहीतरी सांगायला लागतात, म्हणजे जिथे आधीच वेळ पुरत नाही तिथे आणखी चार कामं. माझं मत उलटं आहे. घरात भांडण कशावरून होतं ते सगळ्यांना पाठ असतं, कधी होतं ते मात्र कोणी बघत नाही, आणि बघितलंत तर कळेल की बहुतेक घरांत ते ठरलेल्या तासा-दीड तासातच होतं. तेवढाच तास सुधारायचा, बाकी दिवस आपोआप हलका होतो.

तर आधी आठवडाभर कालनिर्णयच्या चौकोनात फक्त दोन गोष्टी लिहा, आवाज चढला तेव्हा किती वाजले होते आणि त्याआधी घरातल्यांनी कधी खाल्लं होतं. कोण ओरडलं ते लिहू नका हां, नाव लिहिलं की ते आरोपपत्र होतं आणि त्याच्यावरूनच नवीन भांडण. आपल्याकडे गोव्यात साधारण दोन वेळा निघतात, एक सकाळी शाळेची बस यायच्या आधी आणि दुसरी संध्याकाळी सात ते साडेआठ. दुसरी जास्त वाईट, म्हणून तिच्याबद्दलच जास्त लिहितो.

आता या तासात होतं काय बघा. मुलं दीड-दोनला शाळेतून आली, भात-हुमण (माशांची आमटी) जेवली, झोपली, पाचला ट्यूशनला गेली, आणि साडेसातला अभ्यासाला बसवली तेव्हा पोटात काही नाही. बाबा वेर्ण्याच्या कंपनीतून ट्रॅफिकमधून आलेले, आई पणजीच्या ऑफिसातून बसला लटकून आलेली, आजी दिवसभर एकटी बसून कंटाळलेली. त्यात लाईट गेली की झालंच. यात कोणाचा स्वभाव वाईट नाही, सगळे उपाशी आणि दमलेले आहेत एवढंच. म्हणून पहिला उपाय पोटाचा. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत येतो तेव्हाच पोई किंवा उंडे हे पाव घ्या आणि अभ्यासाच्या आधी मुलांना पोई-भाजी, नाहीतर उकडलेलं अंडं आणि पाव द्या. मोठ्यांनीही खायचं, नुसता चहा नको. आणि साडेसातचा तो मोठा कप कडक चहा बंद करा, कारण त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात, मग रात्री बारापर्यंत डोळे टक्क आणि सकाळी परत चिडचिड.

जेवणही थोडं अलीकडे आणा. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला दिवसभरात 9 ते 12 तास झोप लागते, टीनएजरला 8 ते 10. दुपारची वामकुक्षी धरली तरी सकाळी सहाला उठणारं पोर रात्री साडेनऊला जेवायला बसत असेल तर हा हिशेब जुळत नाही. आठ-सव्वाआठला पानं घ्या.

दुसरा उपाय दारातल्या दहा मिनिटांचा. बाहेरून आलेलं माणूस अजून बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, हेल्मेट काढतंय, एका पायात चप्पल आहे, आणि आतून आवाज येतो, "अहो, गॅसचा नंबर लावलात?" पाठोपाठ दुसरा, "बाबा, उद्या प्रोजेक्टला थर्माकोल पाहिजे." प्रश्न दोन्ही बरोबरच आहेत, वेळ चुकीची. नियम करा की आलेल्या माणसाने पाय धुवून, कपडे बदलून, पाणी पिईपर्यंत त्याला काम सांगायचं नाही. कामं फ्रिजवरच्या कागदावर लिहायची, दहा मिनिटांनी तो कागद त्याने स्वतः जाऊन वाचायचा. नियम दोन्ही बाजूंनी लागू, म्हणजे आई ऑफिसातून आली तरी तसंच, तिला दारातूनच "भूक लागली गो आई" ऐकवायचं नाही. हे जमलं तर अर्धी लढाई जिंकलात.

राग चढलाच तर बाथरूममध्ये जा आणि चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं दोन-तीन मिनिटं करा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात म्हणून सोडणं लांब ठेवायचं, बाकी यात जादू काही नाही.

मोबाईलचं फार ताणू नका. एकदम सगळ्यांचे फोन काढून घेतले की घरात क्रांती होते. फक्त जेवताना फोन नाही, एवढ्यावरून सुरुवात करा, आणि त्यात आजीची टीव्हीवरची मालिका आणि बाबांचं व्हॉट्सअॅपही आलं, नाहीतर मुलं दुसऱ्याच दिवशी वकिली करतात. अगदी लहान बाळ असेल तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की दोन वर्षांची होईपर्यंत स्क्रीन अजिबात नको, आणि 2 ते 4 वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितकं बरं. फोन दाखवून पेज भरवणं सोपं पडतं हे मान्य, पण मग फोनशिवाय पोर तोंडच उघडत नाही.

आता सवयींबद्दल. ते 21 दिवसांत सवय लागते म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर अभ्यास झाला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18 आणि कोणाला 254 पर्यंत, आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. म्हणून नवीन गोष्ट घरात जे आधीच रोज होतं त्याला चिकटवा. दिवाबत्ती होतेच ना, मग शुभंकरोति झाल्यावर सगळ्यांनी पाच मिनिटं तिथेच बसायचं, दिवसात काय बरं झालं ते एकेकाने सांगायचं, आणि कोणी काही नाही म्हणालं तर तेही चालतं. जेवण झालं की देवळापर्यंत चालून यायचं, मोठ्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटं व्यायाम पाहिजे तो त्यात बराच भागतो. हातात काठी ठेवा, वाड्यावरचे कुत्रे रात्री ओळख दाखवत नाहीत. आणि चालायचं व्रत जूनमध्ये घेऊ नका, दसरा झाला की सुरू करा.

सगळ्यात जड विषय कामाच्या वाटणीचा. घरात ज्याच्या डोक्यात यादी असते तो जास्त थकतो, आणि बहुतेक वेळा ती बाईच असते. "मी मदत करतो ना" यानं यादी हलकी होत नाही, पूर्ण काम द्यावं लागतं. उदाहरणार्थ मासे. बाजारात जाऊन बांगडे आणून सिंकमध्ये पिशवी ठेवली आणि पेपर वाचायला बसलात, तर ते काम झालं नाही. पूर्ण काम म्हणजे आणायचे, पोट साफ करायचं, मीठ-हळद लावायची, सिंकमधली खवलं काढायची आणि घाण त्याच दिवशी बाहेर टाकायची, आणि बायकोने पाठीमागे उभं राहून "असं नाही, तसं कापा" म्हणायचं नाही. चवथीचंही, म्हणजे गणपतीचंही तेच. मूळ घरी सगळे भाऊ जमतात, पुरुष गणपतीवर फळं-पानांची माटोळी बांधून मोकळे होतात आणि वहिन्या-जावा नेवऱ्या (करंज्या) तळत स्वयंपाकघरात घामाघूम. श्रावणातच एकदा सगळ्यांनी बसून ठरवा, खर्च किती, कोणाचा किती, भांडी कोण घासणार, कुठल्या गोष्टी विकतच आणायच्या. चवथीच्या दिवशी हा विषय काढला तर तो वर्षभर पुरतो.

अशी बोलणी रात्री झोपताना कधीच करू नका. रविवारी नाश्ता झाल्यावर पंधरा मिनिटं, सोप्यावर बसून, बास.

एक मात्र सांगतो, हे सगळं रोजच्या चिडचिडीसाठी आहे. आठवडा-दोन आठवडे झोप आणि भूक गेली असेल, दारू वाढली असेल, कोणी जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो, बांबोळीला मनोविकारांचं सरकारी हॉस्पिटलही आहे, तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि घरात मारहाण होत असेल तर मग समजूतदारपणा, दहा मिनिटांचा नियम वगैरे काही नाही, सरळ 112 ला किंवा बायकांसाठीच्या 181 ला फोन लावा, मुलांसाठी 1098 आहे.