मे महिन्यात परभणीत द्रवस्फटिकाचे रंग कसे धरावेत

आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा पत्र्याखाली आहे. परभणीच्या मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि हिवाळ्यात छान चमकणारं कोलेस्टेरिक मिश्रण (द्रवासारखं वाहणारं, पण रेणू मळसूत्रासारख्या पिळात रचलेले असं द्रवस्फटिक) बेरंग होतं. म्हणून मिश्रण ऋतू बघून करा.

कोलेस्टेरॉलची तीन संयुगं लागतात: ओलेइल कार्बोनेट, पेलार्गोनेट, बेंझोएट. बेंझोएट ०.१० ग्रॅम कायम. बाकी दोन्ही ०.४५ घेतली तर रंग साधारण २६.५ ते ३०.५ अंशांत दिसतात. कार्बोनेट ०.३० आणि पेलार्गोनेट ०.६० केलं की ३७ ते ४०. मार्च लागला की मी दुसरंच घेते.

खिडक्या उघड्या ठेवून कुपी हॉट प्लेटवर तापवा. एकही कण दिसता कामा नये, सगळं नितळ हवं. गरम असतानाच थेंबभर काचपट्टीवर घ्या आणि वर कव्हर स्लिप ठेवा. पट्टीखाली काळा कागद हवाच. मिश्रण एकाच हाताचा (डावीकडे किंवा उजवीकडे, एकाच बाजूने फिरणारा) वर्तुळ-ध्रुवित प्रकाश परतवतं, उरलेला काळ्यात जिरला नाही तर रंग फिका पडतो.

आता मुख्य काम. पहिल्या वर्षी माझी पट्टी दुधाळ दिसली, माल खराब समजून मी अख्खी कुपी फेकली. माल चांगलाच होता, पीळ वेड्यावाकड्या दिशांना पडले होते. कव्हर स्लिप बोटाने हलकेच एकाच दिशेला सरकवा. पिळाचे अक्ष काचेला काटकोनात उभे राहतात आणि रंग लख्ख उमटतो.

अंबाडीच्या दोराला जास्त पीळ दिला की वळ्या जवळ येतात, तसंच इथं: वळ्या जवळ आल्या की निळा, लांबल्या की लाल. थंड होताना रेणू थर धरू लागतात, थरांत पीळ मावत नाही, तो उलगडतो. म्हणून गार बाजूला लाल.

स्टीलच्या डब्यात पन्नासेक अंशांचं पाणी भरा, पट्टी झाकणावर ठेवा. थर्मामीटरचं टोक पाण्यात नको, पट्टीशेजारी झाकणालाच चिकटवा. झाकण पाण्याहून गार असतं. पाण्याचा आकडा लिहिला की सगळी नोंद चुकते. पाणी निवत जाईल तसा आधी निळा येईल, मग हिरवा, मग लाल.

आणि गरम बाजूला रंग गेला म्हणजे अवस्था बदलली असं लिहू नका. काळा कागद काढून पट्टी दोन आडव्या-उभ्या पोलरॉइडमध्ये (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्यांमध्ये) धरा. उजेड आला तर पीळ अजून आहे, फक्त रंग डोळ्यांच्या टप्प्याबाहेर गेलाय. पूर्ण काळोख झाला, तेव्हाच ते साधं द्रव झालं.