मासा धुऊन नाही, कापून साफ करा

प्रदूषणातून माशात शिरणारी पीसीबी, डायॉक्सिन (दोन्ही औद्योगिक प्रदूषकं), डीडीटी (कीटकनाशक) ही चिवट, घातक रसायनं पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत, माशाच्या चरबीत साठतात. म्हणून मासा कितीही धुतला तरी फरक पडत नाही. काम सुरीचं आहे.

१. कातडी सोलून काढा.
२. पाठीच्या कडेची आणि पोटाकडची चरबी कापा. (पोटाचा तुकडाच चवीला सरस, पण इलाज नाही.) बाजूला मधोमध जाणारा तपकिरी पट्टाही काढा. यकृत टाकूनच द्या.
३. जाळीवर भाजा; उरलेली बरीच चरबी गळते. खाली साचलेलं ते तेल रश्श्यात ओतू नका.

पारा मात्र मांसातच असतो, तो यानं कमी होत नाही. त्यासाठी मोठे शिकारी मासे कमी खायचे.